बाल्कनीतली तुळस आणि तिचा हरवलेला वास

मनामाच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना वर मान करून पाहिले, की कपड्यांच्या दोरीआड एखादी तुळशीची कुंडी हमखास दिसते. घर आपल्यापैकी कोणाचे तरी, हे सांगायला मग दारावरच्या पाटीची गरज पडत नाही. पण त्याच घरात चहाला बसलो, की गृहिणीची तक्रारही ठरलेली: "तुळस जगली हो, पण गावच्या तुळशीचा वास काही हिला नाही."

आम्हीही कित्येक वर्षे हेच म्हणत होतो आणि दोष बियांना देत होतो. दर सुटीत कोकणातल्या अंगणातल्या मंजिऱ्या पुडीत बांधून आणायच्या, पेरायच्या आणि पुन्हा हिरमुसायचे. आमचे डोळे उघडले ते एका जुलैमध्ये. बाहेरच्या ४० अंशांच्या पुढच्या उन्हात रोप करपेल म्हणून आम्ही कुंडी आत, वातानुकूलित खोलीत, बंद काचेच्या खिडकीशी ठेवली. रोप छान वाढले. पाने मोठी, लुसलुशीत. चुरडून पाहिली, तर वास जवळजवळ नाहीच! ऑक्टोबरात तीच कुंडी बाल्कनीत गेली. नवी पाने लहान, जाडसर, गडद आली आणि महिन्याभरात वास परतला. रोप तेच, बी तेच, मग फरक कसला?

फरक उन्हाचा. तुळशीच्या पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पान चुरडले, की त्या फुटतात आणि वास सुटतो. हे तेल झाड आपल्यासाठी करत नाही. किडीमुंगीपासून आणि हवामानाच्या त्रासापासून स्वतःला सांभाळण्यासाठी करते. तुळशीच्या जवळच्या नात्यातल्या सब्जावर झालेल्या प्रयोगांत असे आढळले आहे, की सूर्यप्रकाशातले अतिनील किरण मिळाले नाहीत तर या ग्रंथी नीट भरतच नाहीत. खिडकीची काच नेमके यांतले महत्त्वाचे किरण अडवते. म्हणजे आम्ही मायेने तुळशीला सावलीत घेतले आणि तिचा वासच काढून घेतला!

हा सब्जा बहरीनला परका नाही. फालुद्यात ज्याचे बी घालतो तोच सब्जा इथे 'मश्मूम' म्हणून लावतात. इथल्या बायका तो केसांत माळतात, लग्नकार्यात त्याचा दरवळ असतो. या बेटावर वर्षाला पाऊस पडतो सरासरी जेमतेम ७०-८० मिलिमीटर. आपल्या रत्नागिरीत तो ३,००० च्या वर जातो. तरीही इथे बागा फुलल्या त्या जमिनीतून उसळणाऱ्या गोड्या झऱ्यांवर. अधारीचा झरा तर इतका प्रसिद्ध, की तो लांबच्यांना पाणी पाजतो नि जवळच्यांना विसरतो, अशी म्हणच इथे पडली. विसाव्या शतकात उपसा वाढत गेला, झरे आटले आणि भूजलात खारेपणा शिरला.

खाऱ्या पाण्याचा सुगंधाशी संबंध मोठा गमतीचा आहे. थोडा ताण पडला, तर काही सुगंधी वनस्पतींच्या पानांतले तेलाचे प्रमाण वाढते. पण पाला कमी येतो, त्यामुळे एकूण तेल वाढतेच असे नाही. ताण आणखी वाढला, की पाला गेला आणि वासही गेला. थोडक्यात, झाडाला कष्ट हवेत, हाल नकोत.

मग बियांना काहीच महत्त्व नाही का? आहे तर! याचा दाखला आपल्याच खानदेशात सापडतो. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात रोशा गवताचे तेल गाळत. मुंबईहून ते जहाजाने तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि बल्गेरियाच्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई, इतका त्याचा वास गुलाबाशी मिळता! या गवताचे प्रकार दोन: मोतिया आणि सोफिया. मोतिया निचऱ्याच्या कोरड्या उतारांवर वाढते, त्याला गुलाबी वास. सोफिया ओलसर जागी, त्याचा वास आल्याच्या अंगाने जाणारा. हा निव्वळ मातीचा गुण असे कोणालाही वाटेल. पण दोन्ही एकाच वाफ्यात लावली, तरी प्रत्येक आपला वास धरून राहते. तेव्हा वास कोणता, हे मुख्यतः बी ठरवते. तो किती उतरायचा, हे ऊन, पाणी आणि माती ठरवतात.

म्हणून वाचक भगिनींना आमचे सांगणे एवढेच. ऑक्टोबर ते मे तुळस काचेआड ठेवू नका. सकाळचे उघडे ऊन तिला मिळू द्या. कडक उन्हाळ्यात दुपारपुरता आडोसा करा, पण सकाळी बाहेर काढा. मातीवर पांढरी खपली दिसली, तर ते साठलेले क्षार समजा. खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत एकदा कुंडी धुऊन काढा. खताचा मारा करू नका. पाने खुडायची ती ऊन चढण्याआधी.

आणि एक योगायोग पाहा. गावाकडे तुळशीचे लग्न लागते ते कार्तिकात, आणि इथले ऊन सौम्य होऊन तुळस अंगाने भरते तीही नेमकी त्याच सुमारास. यंदा ऊस, चिंचा, आवळे मांडून अंतरपाट धरण्याआधी एक पान चुरडून पाहा. वास अगदी गावच्यासारखा नसेल. पण तो पुडीतून आणलेला नसेल. इथल्या उन्हापाण्यात तुळशीने स्वतः कमावलेला असेल. परमुलखात संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.