सुरमईचा वास जातो कुठे?

माझी मावशी चेन्नईला अण्णा नगरात राहते. तिथली मासेवाली सुरमईला वंजरम म्हणते. नाव बदललं, वास मात्र अगदी मालवणातलाच! पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, की बाकीचे जिन्याने जातात.

घरी आल्यावर मावशी तुकड्यांना लिंबू चोळते, दहा मिनिटांनी धुते. वास पळालेला.

पळाला कुठे? आधी तो आला कुठून ते बघू. समुद्रातल्या माशांच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. नाव आगगाडीएवढं, पण स्वभाव भलता उडाणटप्पू. हे महाशय साधारण ३ अंश सेल्सियसलाच उकळतात! म्हणजे चेन्नईच्या उकाड्यात ते वायू होऊन थेट नाकात शिरणारच.

हे ट्रायमिथाइलअमाइन आहे आम्लारी. लिंबात असतं सायट्रिक आम्ल. आम्ल हायड्रोजनचा धन आयन देऊन टाकतं, आम्लारी तो घेते. एवढं कळलं की पुढचं भाकीत तुम्हीच करू शकता. देणारा ऋण झाला, घेणारा धन झाला, दोघं मिळून झाला क्षार. क्षाराला उडता येत नाही. तो पाण्यात विरघळतो आणि मोरीतून निघून जातो.

मग लिंबू चोळताना फसफसत का नाही? खायच्या सोड्यावर पिळलं की फसफसतं ना! कारण सोड्यातल्या बायकार्बोनेटने हायड्रोजन घेतला की त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या उडाणटप्पूकडे वायू सोडायला कार्बोनेट आहेच कुठे?

लिंबूच हवं असंही नाही. तिथल्या मीन कुळंबूत, म्हणजे माशाच्या आमटीत, चिंच असते, तिच्यात टार्टारिक आम्ल. आपल्या कोकणात कोकम. आम्लं वेगळी, काम एकच.

आता एक अवघड भाकीत. ते लिंबाचं धुवण वाटीत धरलं आणि त्यात पानाच्या डब्यातला चमचाभर चुना टाकला तर? (चुना झोंबतो, तो मोठ्यांनीच टाकायचा.) चुना ही कितीतरी दांडगी आम्लारी. आधी उरलेलं लिंबू संपवेल, मग क्षारातला हायड्रोजन हिसकावून घेईल. आणि सुटलेलं ट्रायमिथाइलअमाइन काय करेल?

मावशीच्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने चुना टाकला, ढवळला, आणि दुसऱ्या क्षणी नाकाला पदर लावून मला वाटीसकट गॅलरीत पिटाळलं.