मेट्रोची रेघ आणि तासाचा भाव

शहरात नवी मेट्रो येणार, अशी बातमी वस्तीत पोचते तेव्हा तिचा निर्णय होऊन बहुधा पाच-सात वर्षे झालेली असतात. आपल्या हालचाली त्यानंतर सुरू होतात. रंगाचा डबा घेऊन कुणी दारावर क्रमांक टाकून गेला, की मग सभा, मोर्चा, निवेदन. हे सारे आवश्यकच आहे. पण रेघ कागदावर ओढली जाते त्या वेळी आपल्यातले कुणी तिथे नसते, आणि ती कशी ओढली जाते हे आपल्या कार्यकर्त्यांना व विद्यार्थ्यांना कुणी शिकवलेलेही नसते. ते इंजिनिअरांचे काम, असे समजून आपण बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात ह्या रेघेमागचे गणित उलगडून पाहायचे आहे. आकड्यांना भिण्याचे कारण नाही. बेरीज-गुणाकार येणाऱ्या कुणालाही ते समजेल.

उदाहरण म्हणून मुंबईची २ब ही मार्गिका घेऊ. अंधेरी पश्चिमेच्या डी. एन. नगरपासून निघून ती खार, वांद्रे, वांद्रे-कुर्ला संकुल, कुर्ला, चेंबूर असे करीत मानखुर्द व पुढे मंडाळ्याला जाते. लांबी सुमारे २३.६ किलोमीटर, सर्व मार्ग खांबांवरून. २०१६ मध्ये मंजूर झालेला खर्च १०,९८६ कोटी रुपये. ह्या एका रेघेत मुंबईची दोन टोके बांधलेली आहेत. एका टोकाला बँका, हिऱ्यांचा बाजार, नट-नट्यांचे बंगले. दुसऱ्या टोकाला देवनारचे कचऱ्याचे डोंगर, गोवंडी, मानखुर्द. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक सर्वांत खालचा लागला, तो हाच. ह्या टोकाची माणसे रोज त्या टोकाची घरे झाडायला, भांडी घासायला, इमारती बांधायला जातात. हार्बर रेल्वे मानखुर्दवरून जाते हे खरे. पण ती दक्षिणेकडे नेते. पश्चिमेला जायचे तर कुर्ल्याला उतरून बस वा शेअर रिक्षा पकडा, नाहीतर वडाळ्याला गाडी बदला. म्हणजे पूर्व-पश्चिम मार्गाची गरज कुणाला सर्वांत अधिक, ह्याविषयी वाद होऊ नये.

ही गरज सरकारच्या ध्यानात आली नव्हती असेही नाही. २००४ मध्ये दिल्ली मेट्रोने केलेल्या आराखड्यात मुंबईसाठी १४६.५ किलोमीटरचे जाळे सुचवले होते. त्यात चारकोप-वांद्रे-मानखुर्द हा सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग होता. ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील ह्यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. काम खाजगी कंपनीकडे दिले. आगारांच्या जागा सुटेनात, काम हलेना, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये करार रद्द झाला. पुढे मार्गाचे तुकडे झाले. दहिसर ते डी. एन. नगर हा २अ, आणि डी. एन. नगर ते मंडाळे हा २ब. पश्चिम उपनगरातला २अ जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाला. तोवर मानखुर्दची माणसे खांबांकडे बघतच होती. एका रेघेचे दोन तुकडे केले की कुणाला आधी व कुणाला मागून, हा प्रश्न आपोआप जन्माला येतो. गावात पाणी भरण्याचा क्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आता गणिताकडे वळू. नियोजक प्रथम शहराचे लहान-लहान विभाग पाडतात. प्रत्येक विभागातून रोज किती फेऱ्या निघतात, त्या कुठल्या विभागात जातात, कोणत्या वाहनाने जातात आणि कोणत्या रस्त्याने जातात, असे चार प्रश्न क्रमाने सोडवतात. त्यासाठी घरोघर जाऊन पाहणी करतात, चौकांत वाहने मोजतात. त्यातून हाती येतो तो मुख्य आकडा: गर्दीच्या एका तासात, एका दिशेने, किती प्रवासी. समजा सहा डब्यांच्या गाडीत दीड हजार माणसे मावतात व दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला वीस गाड्या, म्हणजे तीस हजार माणसे. अपेक्षित प्रवासी ह्याच्या जवळपास असतील तर मेट्रो. फार कमी असतील तर बसची स्वतंत्र मार्गिका पुरे. इथवर तर्क सरळ आहे.

पण मोजणीत कोण आले? २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात मुंबई महानगर प्रदेशातल्या सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होतात असे आढळले होते. मेट्रोचे प्रवासी ठरवताना मात्र मुख्यतः वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांचाच हिशेब होतो. जो आज बसने जातो तो उद्या मेट्रोने जाईल, असे धरता येते. जो भाडे परवडत नाही म्हणून चालतो, किंवा फार लांब पडते म्हणून कामच सोडून देतो, त्याची फेरी कागदावर उमटत नाही. दोन घरची भांडी घासून, वाटेत रेशन घेऊन, मुलाला बालवाडीतून आणणाऱ्या बाईचा प्रवास तर तुकड्यातुकड्यांचा. गर्दीच्या तासाच्या रकान्यात तो बसत नाही. ती निघते पहाटे आणि परतते भर दुपारी.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे, आणि ती सहसा अहवालाच्या शेवटच्या प्रकरणांत, कुणी वाचत नाही अशा जागी असते. मेट्रोचा खर्च तिकिटांतून भरून निघत नाही हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून समाजाला होणारा लाभ रुपयांत मांडतात. इंधन वाचले, अपघात घटले, धूर कमी झाला. पण सर्वांत मोठ्या रकमांत वाचलेल्या वेळेची रक्कम असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार हा आर्थिक परतावा किमान १४ टक्के असावा लागतो. तेव्हा वेळेचा भाव काय धरला, ह्यावर प्रकल्पाचे नशीब ठरू शकते.

आणि वेळेचा भाव धरतात तो माणसाच्या मिळकतीवरून. समजा एका अधिकाऱ्याला महिन्याच्या दोनशे तासांचे एक लाख रुपये मिळतात. त्याचा तास पाचशे रुपयांचा. घरकाम करणाऱ्या बाईला तेवढ्याच तासांचे दहा हजार मिळतात. तिचा तास पन्नास रुपयांचा. मेट्रोने दोघांचा अर्धा-अर्धा तास वाचवला, तर अधिकाऱ्याच्या नावे अडीचशे रुपये लाभ जमा होतो आणि बाईच्या नावे पंचवीस. दहा बायांचा अर्धा तास म्हणजे एका साहेबाचा अर्धा तास! काही अहवाल माणसागणिक न मोजता मोटारवाल्यांची, दुचाकीवाल्यांची, बसवाल्यांची सरासरी धरतात. परिणाम तोच होतो. दोन मार्गांतून एक निवडायची वेळ आली, तर जिथे महागडे तास राहतात तिथल्या मार्गाचे पारडे जड होते. कुणी नियोजक मनात द्वेष बाळगून हे करतो असे मला म्हणायचे नाही. तो बिचारा पाठ्यपुस्तकातले सूत्र लावतो. पण जन्मावरून ज्याला कमी मोलाचे काम वाट्याला आले त्याचा वेळही कमी मोलाचा, हा नियम सूत्रात शिरला की तो नियम राहत नाही, शास्त्र होते. महारवाडा गावाच्या कोणत्या दिशेला असावा हेही एके काळी शास्त्रच होते.

ह्याला पर्याय नाही असे समजू नये. ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाच्या वेळेला श्रीमंत-गरीब सर्वांसाठी एकच सरासरी भाव धरण्याची पद्धत अनेक दशके चालत आलेली आहे. म्हणजे ही बाब निसर्गनियमाची नव्हे, निवडीची आहे. २०१७ च्या धोरणात पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास सक्तीचा आहे. त्यात 'वेळेला एकच भाव धरून परतावा काढा व तो आकडाही छापा' एवढी मागणी करायला कुठलेही नवे बजेट लागत नाही.

आपल्या नियतकालिकांनी अमेरिकेतील काळ्या लेखकांची ओळख मराठीला करून दिली. त्यांच्या बस-लढ्याची ओळख मात्र माँटगोमेरीपाशी थांबते. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहतूक मंडळाने बसभाडे वाढवायचे व मासिक पास बंद करायचे ठरवले. त्याच काळात उपनगरी रेल्वेमार्गांवर प्रचंड खर्च चालू होता. बसमध्ये बहुसंख्य काळे, लॅटिनो व आशियाई गरीब. रेल्वेत तुलनेने गोरे व सुस्थित. 'लेबर/कम्युनिटी स्ट्रॅटेजी सेंटर' ह्या संस्थेने 'बस रायडर्स युनियन'च्या साथीने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला. १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूम झाला. पास टिकला, बसमधील गर्दीवर मर्यादा आली, नव्या बस घ्याव्या लागल्या. पुढे २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा दाव्यांची वाट अरुंद झाली. तरीही एक मुद्दा कायम उरला: रेल्वे बांधणे वाईट नव्हे, पण तिचा खर्च कुणाच्या बसमधून कापला जातो ते विचारलेच पाहिजे. मुंबईत बेस्टचे किमान भाडे २०१९ मध्ये पाच रुपये केले होते. मे २०२५ मध्ये ते दहा झाले.

भाड्याचेच पाहा. २अ व ७ ह्या मार्गांवर तीन किलोमीटरपर्यंत दहा, बारापर्यंत वीस, अठरापर्यंत तीस रुपये असे दर ठेवले गेले. हेच दर २ब ला लावले, तर मंडाळ्याहून खार-सांताक्रूझला जाणारीला एका वेळचे तीस रुपये पडतील. जाऊन-येऊन साठ, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पंधराशे. दहा हजारांतले पंधराशे! मे २०२३ मध्ये विद्यार्थी, अपंग व ज्येष्ठांना पंचवीस टक्के सवलत दिली गेली, ती योग्यच. माझ्या वर्गात हार्बरने येणारी मुले आहेत. त्यांना ती उपयोगी पडेल. त्यांच्या आयांना नाही. आणि खाजगी मालकीचे काय होते ते घाटकोपर-वर्सोवा मार्गाने दाखवलेच आहे. मूळ करारात नऊ ते तेरा रुपये म्हटले होते. २०१४ मध्ये मार्ग सुरू झाला आणि २०१५ मध्ये दर दहा ते चाळीसवर गेले. त्याच वर्षी समितीने एकशेदहापर्यंतची कमाल सुचवली होती. उच्च न्यायालयात ती टिकली नाही म्हणून निभावले.

राहिला जमिनीचा प्रश्न. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत झोपड्या पाडण्याची जी मोहीम झाली, तिच्यात मानखुर्दचे मंडाळाही होते. त्याच परिसरात पुढे मेट्रोचे सुमारे तीस हेक्टरांचे आगार आले. रेघ जाहीर झाली की दोन्ही बाजूंच्या जमिनीचा भाव चढतो, वाढीव चटई क्षेत्राच्या योजना येतात, आणि भाडेकरू सर्वांत आधी उठतो. त्याला कुणी पाडत नाही. भाडे वाढवून मालकच बाहेर काढतो. त्याची नोंद कोणत्याही पुनर्वसन अहवालात होत नाही.

इथे कार्यकर्त्यांनी एक कायदेशीर बाब ध्यानात घ्यावी. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत मेट्रोचे मार्ग येत नाहीत. त्यामुळे खाण वा धरणाला लागते तशी जाहीर सुनावणी मेट्रोला लागत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही १९७८ चा मेट्रो कायदा अपवादांच्या यादीत आहे. तरी एक फट राहते ती कर्जाची. २अ, २ब व ७ ह्या मार्गांच्या गाड्या व यंत्रणेसाठी २०१९ मध्ये आशियाई विकास बँकेचे कर्ज झाले. अशा बँकांच्या नियमांप्रमाणे पुनर्वसनाचे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात आणि तक्रारीची सोय ठेवावी लागते. ह्या वाटेने काही घडते का? घडलेले आहे. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पातील विस्थापितांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपास मंडळाकडे तक्रारी केल्या. २००५ च्या अखेरीस मंडळाचा प्रतिकूल अहवाल आला आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांचे व पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखले.

त्याच प्रकल्पात आणखी एक गोष्ट होती, जिचा उल्लेख आपल्या सभांतून फारसा होत नाही. पात्रतेसाठी जुन्या सालाचा पुरावा न मागता, सर्वेक्षणाच्या दिवशी जो राहत होता त्याला पात्र धरले गेले. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर मिळाले, मग ते कितीही कोंदट असो. म्हणून सर्वेक्षणाच्या दिवसाला फार महत्त्व आहे. मजुरीला गेलेल्याच्या दाराला कुलूप असते आणि यादीत 'बंद' एवढाच शब्द पडतो. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी मोजणी आहे हे आठवडाभर आधी लेखी मागावे, ती मराठीत व वस्तीच्या फलकावर लावायला सांगावी, आणि रात्रपाळीच्या व भाड्याने राहणाऱ्या माणसांची आपली स्वतंत्र यादी करून त्याच दिवशी तिच्यावर पोच घ्यावी.