वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य : कारणे, तरतुदी आणि अध्यापकांची भूमिका

प्रस्तावना

कळमनुरी हा हिंगोली जिल्ह्यातील एक तालुका होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. परंतु जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. तोपर्यंत या भागातील विद्यार्थी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा त्याहून दूरच्या शहरांत जात असत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचाही समावेश होता. डॉक्टर होण्याची वाट अशा रीतीने गावाजवळ आली. त्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येची व्याप्ती

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती दलाने २०२४ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यासाठीच्या ऑनलाइन सर्वेक्षणात २५,५९० पदवी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले. पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के आणि पदव्युत्तरांपैकी १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे नमूद केले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे अनुक्रमे १६.२ आणि सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. सहभाग ऐच्छिक असल्याने ही टक्केवारी सर्व विद्यार्थ्यांना जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तथापि, पदव्युत्तर गटात निदान झालेल्यांचे प्रमाण कमी आणि टोकाचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. वेदना असूनही ती तज्ज्ञापर्यंत पोहोचत नसावी, असा त्याचा एक संभाव्य अर्थ निघतो.

कारणमीमांसा

पहिले कारण प्रवेशाच्या टप्प्यावरच आढळते. ग्रामीण भागातील विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो, लातूर किंवा नांदेड येथे शिकवणी लावतो आणि पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्याच्यासमोर येतात. गावात सदैव पहिला येणारा हा विद्यार्थी तेथे सर्वसाधारण ठरतो. २०२३ च्या नियमावलीनुसार एम.बी.बी.एस.च्या प्रथम व्यावसायिक परीक्षेसाठी कमाल चार संधी मिळतात. घरच्यांनी कर्ज काढलेले असेल, तर नापास होणे ही त्याला केवळ परीक्षेतील घटना वाटत नाही. आपण सर्वांचा विश्वास गमावला, असे वाटू लागते.

दुसरे कारण रुग्णालयीन कामाचे. निवासी डॉक्टरांच्या वाट्याला सलग जागरणे, रुग्णांचे मृत्यू आणि नातेवाइकांचा रोष येतो. आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे आणि एक दिवस सुटी मिळावी, अशी शिफारस कृती दलास करावी लागली, यावरूनच परिस्थितीची कल्पना येते.

तिसरे कारण ज्येष्ठ-कनिष्ठ उतरंडीचे. २२ मे २०१९ रोजी मुंबईतील टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. सामाजिक भेदभाव हाही मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे, याची जाणीव या घटनेने सर्वांना करून दिली.

चौथे कारण सहसा दुर्लक्षित राहते. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञ एका मजल्याच्या अंतरावर असतो. पण तोच अध्यापक असतो आणि परीक्षकही असू शकतो. बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदविले तर वर्गमित्रच केसपेपर पाहतील, ही भीतीही असते. त्यामुळे मदत जवळ असूनही विद्यार्थी तेथे जाण्यास कचरतो.

विद्यमान तरतुदी

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. २०१९ च्या अभ्यासक्रमाने एम.बी.बी.एस.च्या आरंभी पायाभूत वर्ग आणले. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. ही तत्त्वे केवळ वैद्यकीय संस्थांपुरती नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयांनाही ती लागू आहेत.

अध्यापकांची भूमिका

तरतुदी कागदावरून विद्यार्थ्यापर्यंत नेणारा दुवा म्हणजे अध्यापक. सलग गैरहजेरी, खाणावळीत न जाणे, प्रात्यक्षिक परीक्षा टाळणे, मित्रांपासून अलिप्त होणे ही लक्षणे त्यालाच प्रथम दिसतात. अशा वेळी ‘अभ्यास का होत नाही?’ असे विचारण्याऐवजी ‘झोप लागते का? घरी बोलणे होते का?’ असे विचारणे उपयुक्त ठरते. जीव द्यावासा वाटतो का, असे शांतपणे व थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट विद्यार्थ्यास मोकळे होता येते. उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे न सोडता तज्ज्ञाकडे सोबत न्यावे. एरवी त्याचे बोलणे स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय होऊ देऊ नये. जीवितास धोका असेल तेव्हाच, आणि शक्यतो त्याला सांगून, आवश्यक त्या व्यक्तींना कळवावे. समुपदेशन करणारी व्यक्ती त्याचे मूल्यमापन करणारी नसावी, हे पथ्य संस्थेने पाळणे अगत्याचे आहे.

कळमनुरीसारख्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकांचे कार्य याहून आधी सुरू होते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या सत्काराबरोबरच, नापास होणे म्हणजे शेवट नव्हे आणि मदत मागणे म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे त्याला व पालकांना सांगता येईल. वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या माजी विद्यार्थ्याशी त्याची गाठ घालून देता येईल. पहिल्या सहामाहीत गुरुजींचा एखादा दूरध्वनीही मोलाचा ठरू शकतो.

समारोप

वैद्यकीय विद्यार्थ्याचा ताण ही त्याच्या स्वभावातील उणीव मानली, तर उपायही उपदेशापुरता उरतो. भाषा, परीक्षा, कामाचे तास आणि उतरंड यांतून तो निर्माण होतो हे मान्य केल्यास संस्थेला आपली व्यवस्था तपासावी लागते. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नुकतेच सुरू झाले आहे आणि तेथील प्रथा अद्याप घडत आहेत. प्रथा रूढ होण्यापूर्वीच त्यांना योग्य वळण देण्याची संधी येथील अध्यापकवर्गास लाभली आहे.