‘प्रायमी आहे, ट्रे लावा!’

लेबर रूममध्ये पहिलटकरणीला ‘प्रायमी’ म्हणतात. केसपेपरवर तो शब्द दिसला की बाळाचं डोकं दिसण्याआधीच ट्रे लागायचा: कात्री, भुलीचं इंजेक्शन, टाक्यांचा दोरा. प्रायमी म्हणजे एपिसिओटॉमी, म्हणजे योनिमुखाशी कात्रीने छेद, हे आम्ही निवासी डॉक्टर इतरांचं बघूनच शिकलो. कारणं उघड कुणी बोलत नसे. चिरलं की बाळंतपण लवकर आटपतं, आणि नव्या पोरांना टाके घालायला हात मिळतो.

रात्रपाळीच्या एका बुजुर्ग सिस्टरांच्या पाळीत मात्र ट्रे झाकलेलाच असे. शेवटच्या टप्प्यात त्या आधी विचारत, “हात लावू का, बाई?” होकार मिळाला की कळेसरशी, जेली लावलेली हातमोज्यातली दोन बोटं योनिमुखात ठेवून खालच्या बाजूने या कडेपासून त्या कडेपर्यंत हलक्या दाबाने फिरवत. “नको” म्हटलं की हात लगेच मागे, आणि गरम पाण्यात पिळलेली कापडाची घडी पुढे. आम्ही त्याला ‘सिस्टरांचं ब्युटी पार्लर’ म्हणायचो. एकदा एका सासूबाईंनी दारातून खोबरेलाची बाटली सरकवली. “आजी, तेलानं हे हातमोजे फाटतात. डोक्याला लावा तुमच्या,” म्हणत सिस्टरांनी ती परत केली.

आमच्या एका सरांकडे सिस्टरांच्या या मसाजला ठेवणीतलं उत्तर असे: 2001 साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली चाचणी. 1340 स्त्रिया, निम्म्यांना मसाज. तरी अजिबात न फाटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. आकडा खरा होता. पण त्याच चाचणीत गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या जखमा मसाजच्या गटात कमी होत्या, हे सर सांगत नसत. त्या इतक्या थोड्या होत्या की तेवढ्यावर छाती ठोकून बोलता आलं नसतं, हेही खरं. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर मसाज आणि गरम शेक दोन्हींच्या बाजूने कौल गेला. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीच्या पसंतीनुसार दोन्ही सुचवले आणि सरसकट चिरण्याला नकार दिला.

माझं मत विचाराल तर त्या बोटांमुळे कात्रीला थांबावं लागायचं, हाही फायदा थोडा नव्हता. एरवी चारी बाजूंनी “जोर लाव, जोर लाव!” असा गिल्ला. डोकं बाहेर यायच्या बेताला सिस्टर उलट सांगत, “आता जोर नको गं, फुंकर घाल.” एका रात्री माझ्या सहकाऱ्याने कात्री उचललीच. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, बाळाचे ठोके बरे आहेत ना? मग घाई कुणाला आहे?” आणखी दोन कळांत बाळ बाहेर. आईला वरवरचे दोन टाके. सहकारी मात्र फुरंगटलेला, लॉगबुकातली त्याची एक एपिसिओटॉमी हुकली होती!

आता ओपीडीत मी हा विषय आधीच काढते. 35व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा घरी मसाज केला, तर पहिलटकरणींमध्ये टाक्यांची वेळ कमी येते. याचा पुरावा चांगला आहे. अडचण इतकीच की तेव्हा पोटावरून स्वतःचा हात पोचत नाही. “नवऱ्याची मदत घेता येईल,” एवढं म्हणायचा अवकाश, शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांना गाडी नो पार्किंगमध्ये लावल्याची आठवण होते.