चाकांवरच्या घरात आजी कुठे झोपणार?

कॅरव्हॅनच्या नकाशावर 'सहा जणांच्या झोपण्याची सोय' असं छापलेलं असतं, तेव्हा त्यातले दोघं बहुधा जेवणाच्या टेबलावर झोपणार असतात. टेबल खाली सरकवायचं, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या गाद्या त्यावर पसरायच्या, झाला पलंग. सकाळी त्या गाद्या उचलल्याशिवाय चहा मांडता येत नाही, आणि रात्री शेवटच्या माणसाचं जेवण उरकल्याशिवाय त्या दोघांना पाठ टेकता येत नाही. म्हणून कॅरव्हॅन विकत घ्यायची असो, बांधून घ्यायची असो की चार दिवस भाड्यानं आणायची असो, पलंग किती हे आधी विचारू नये. रात्री कोण उठतं आणि पहाटे सगळ्यांत आधी कोण उठतं, हे विचारावं. नकाशा या दोन उत्तरांवर ठरतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी. तेव्हापासून आपल्याकडेही चौकशी वाढली आहे. गाड्या दोन जातीच्या. एकीला स्वतःचं इंजिन असतं. दुसरी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे जीपमागे जोडून ओढायची खोली. आपल्या रस्त्यांवर पहिली जास्त दिसते. हौसेखातर बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती 'वॉन्डरर' १८८५ साली इंग्लंडात ब्रिस्टलला तयार झाली. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी ती बांधवून घेतली होती आणि तिला दोन घोडे जुंपत. आज सगळ्यांत जास्त नकाशे अमेरिकेतून येतात. ते तिथल्या घरांसाठी काढलेले असतात: नवरा-बायको, दोन मुलं, फार तर एक कुत्रा. सासू-सासरे, आलेली नणंद आणि तिचं तान्हं बाळ त्या नकाशात नसतात.

आपल्याकडच्या गरजेचा नकाशा बघायचा असेल तर चैत्रात साक्री-पिंपळनेर रस्त्यावर उभं राहावं. सप्तशृंगी देवीचं माहेर खान्देश मानतात, आणि माहेरची माणसं चैत्र पौर्णिमेला गडावर पायी निघतात. पिंपळनेर, मग सेलबारीचा घाट, ताहाराबाद, सटाणा, कळवण, नांदुरी. प्रत्येक गटाबरोबर एक टेम्पो किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली असते. तिच्यात सामान कसं भरतात ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. गाद्या-गोधड्या आत, केबिनला लागून, कारण त्या रात्रीच लागतात. पाण्याचे ड्रम मध्यभागी, चाकांच्या वर, म्हणजे गाडी हेलकावत नाही. आणि शेगडी, पातेली, पिठाचा डबा, काठवट हे सगळं शेवटी, फाळक्यापाशी. मुक्कामाला गाडी लागली की फाळका खाली पडतो आणि त्याचाच ओटा होतो. बायका खाली उभ्या राहून काम करतात, आत कुणी झोपलेलं असेल तर त्याला धक्का लागत नाही. कॅरव्हॅन बांधणाऱ्यांच्या भाषेत हा 'मागे उघडणारा स्वयंपाक'. आपल्या लोकांनी तो कुठलीही वही न उघडता शोधला आहे.

याच साक्री तालुक्यातून आणि शेजारच्या नंदुरबारमधून दिवाळीनंतर बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही असाच संसार ट्रकमध्ये भरतात. त्यांचा प्रवास हौसेचा नाही आणि पडावावरचे हाल विसरून त्याचं कौतुक करणं बरोबर नाही. पण जे उतरल्या-उतरल्या लागतं ते दाराशी, हा नियम त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. महागड्या कॅरव्हॅनमध्ये मात्र तो सर्रास मोडलेला असतो: दारातून आत शिरलं की समोर सोफा, आणि गॅस पार टोकाला.

आमच्या गच्चीवर आम्ही खडूनं १८ फूट लांब, ७ फूट रुंद चौकट आखली. मध्यम मापाच्या ट्रेलरचा आतला भाग साधारण एवढाच. त्यात विटा मांडून पलंग, ओटा, न्हाणी दाखवली आणि घरातल्या सगळ्यांना रात्री तिथं झोपायला लावलं. कागदावर जे नीट बसलं होतं त्यातलं निम्मं पहिल्या तासातच मोडलं. आडवा पलंग, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेला, जागा फार वाचवतो. पण त्याच्या तीन बाजूंना भिंती येतात, आणि आत झोपलेल्याला उठायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. तरुण जोडप्याला हे चालेल. ज्यांना रात्री दोनदा उठावं लागतं त्या आजोबांना नाही. त्यांना लांबीच्या दिशेनं लावलेला, किमान एक पूर्ण बाजू मोकळी असलेला पलंग हवा, आणि तोही गुडघ्याच्या उंचीचा, सुमारे दीड फूट. खाली सामानाची पेटी करायची म्हणून कारागीर तो अडीच फुटांवर नेतात, तिथं ठाम नाही म्हणावं.

आजीनं तर पलंगाकडे पाहिलंच नाही. "मी खालेच झोपसू," म्हणाली आणि मधल्या वाटेत सतरंजी टाकून आडवी झाली. ती वाट दोन फुटांची. आता न्हाणीपर्यंत जायला कुणालाच रस्ता उरला नाही. खान्देशातल्या किती घरांत म्हाताऱ्या माणसांना जमिनीवरच झोप येते! ज्या घरात असं माणूस आहे, त्यांनी जेवणाच्या जागेवर पक्कं टेबल घेऊच नये. तिथं सहा फूट लांब, अडीच फूट रुंद मोकळी जमीन ठेवावी, दिवसा पाट मांडून जेवायला, रात्री अंथरायला. मुलांसाठी एकावर एक दोन फळ्या पुरतात. वरच्या फळीला कठडा असावा आणि तिच्यावर किती वजन चालतं ते लेखी घ्यावं, कारण पाहुणा आला की मोठा माणूसच तिथं चढतो. आणखी एक गोष्ट आजीनंच विचारली. पाय दक्षिणेला नकोत, आणि गाडी कशी उभी राहील ते मुक्कामाची जागा ठरवते. तेव्हा उशी दोन्ही टोकांना ठेवता यावी. एका टोकाला डोक्यावर कपाट आलं की ही सोय जाते.

संडासाचा प्रश्न आपल्याकडे लाजेनं टाळतात आणि मग प्रवासात तोच छळतो. छोट्या गाड्यांत बहुधा बाहेरून ओढून काढायची टाकी असते, साधारण २० लिटरची. परदेशात कागद वापरणाऱ्या दोघांना ती दोन-तीन दिवस जाते. आपण पाणी वापरतो. सहा माणसं, दिवसातून दोनदा, दरवेळी दोन लिटर धरलं तरी २४ लिटर होतात. टाकी संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. मोठ्या कुटुंबानं एकतर गाडीखाली पक्की बसवलेली मोठी टाकी घ्यावी, किंवा गाडीतला संडास फक्त रात्रीसाठी आणि आजारी माणसासाठी राखून दिवसा मुक्कामाच्या जागेची सोय वापरावी. जागेचं म्हणाल तर तो मागच्या टोकाला हवा. ओट्याला पाठ लावून बांधलेला संडास नळाचा खर्च वाचवतो, पण आपल्या घरातल्या बायका त्या ओट्यावर मनापासून भाकरी थापणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

स्वयंपाक तर शक्य तितका बाहेरच न्यावा. खापरावरचे मांडे सोडाच, साधी कळण्याची भाकरी करायची म्हटली तरी काठवटीला जागा, पिठाचा धुरळा आणि तव्याची धग आली. धुळ्याकडच्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना ती धग झोपायच्या खोलीत कोंडणं म्हणजे रात्रीची झोप घालवणं. दाराच्या बाजूला उघडणारा ओटा आणि त्यावर ताडपत्रीची ओसरी एवढं असलं की आत चहापुरती एक शेगडी बास. सिलिंडर आतल्या कपाटात कधीच नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून त्याचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि तळाला भोकं असलेला लागतो.

एसीला लागणाऱ्या सौर विजेबद्दल साक्रीकरांना फार सांगायला नको, शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याच तालुक्यात आहे. एक चौरस मीटर पॅनल भर उन्हात साधारण २०० वॅट देतं. १८ बाय ७ च्या टपावर झरोके आणि एसीचा डबा वगळून सहा चौरस मीटर मिळाले तर दुपारी बाराशे वॅट. एक टनाचा एसी दुपारी त्यावर कसाबसा चालेल; रात्रभर चालवायला पाच-सहा युनिट बॅटरीत साठवावी लागतील. तो खर्च आणि ते वजन झेपत नसेल तर नकाशातच वाऱ्याची सोय करावी: झोपायच्या जागेला समोरासमोर दोन खिडक्या, आणि सगळी उंच कपाटं एकाच भिंतीला. गाडी लावताना ती भिंत पश्चिमेला करायची.

वजनाचा हिशेब नकाशातच दडलेला असतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ही टाकी चाकांच्या कण्याजवळ असावी. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. ओटा, पाणी, संडास असं सगळं जड सामान मागे गेलं तर पुढचा जोड हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. कोंडाईबारी किंवा चरणमाळच्या उतारावर असं झालं तर सावरणं कठीण. म्हणूनच मागे उघडणारा स्वयंपाक हवा असेल तर संडास मध्यावर घ्यावा लागतो, आणि संडास मागे हवा असेल तर ओटा दाराजवळ, बाजूच्या भिंतीला. दोन्ही मागे मिळत नाहीत. मी दुसरा पर्याय निवडेन.

ओढायची खोली की इंजिनाची गाडी, याचं उत्तर घाटांत राहणाऱ्यांसाठी सोपं नाही. ट्रेलर चालू असताना आत कुणी बसायचं नसतं, म्हणजे सहा जणांना पुढच्या जीपमध्ये पट्टे लावून बसता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर ट्रेलरचा विचार तिथंच थांबवावा. अरुंद वळणावर तो मागे घेणं हे वेगळं कसब आहे. पण त्याचा एक मोठा फायदा. सप्तशृंगीच्या यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच अडवतात आणि गडावर एसटीनं जावं लागतं. एरवी मात्र ट्रेलर पायथ्याला सोडून फक्त जीप वर नेता येते, आणि पायऱ्या न झेपणाऱ्या आजीसाठी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. इंजिनाची गाडी नेली तर प्रत्येक दर्शनाला सगळं घर घाट चढवायचं.

गावातल्या गॅरेजमध्ये जुनी ट्रॅव्हलर किंवा टेम्पो घेऊन आत फर्निचर ठोकून घ्यायचा मोह होतो, कारण सुतार ओळखीचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केलं. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ते पाळणाऱ्याकडूनच काम करून घ्यावं आणि नोंदणी पुस्तकात 'कॅरव्हॅन' असा उल्लेख येईल का, हे आरटीओत विचारूनच पैसे मोजावेत. बयाणा देण्यापूर्वी कारागिराकडून तीन आकडे कागदावर घ्या: रिकाम्या गाडीचं वजन, टाक्या भरलेल्या गाडीचं वजन, आणि माणसं-सामानासह चालणारं कमाल वजन. शेवटच्या दोहोंतला फरक जेवढा, तेवढ्यातच तुमच्या गोधड्या, पिठाचे डबे आणि परतीच्या वाटेवर घेतलेलं सगळं बसवायचं आहे. गाडी इंजिनाची असेल तर माणसंही त्यातच.