दहा मिनिटं माझी!

"अगं, या वयात हे काय नवीन खूळ?" शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं. माझ्या हातात मोबाईल, त्यावर घड्याळ पळतंय, दीड मिनिट उरलंय आणि माझा वजीर अडकलाय. "बसा ना काकू" म्हणेपर्यंत डाव गेला!

मैत्रिणींनो, हे खूळ म्हणजे बुद्धिबळ. लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं. पुढे बी. ए., लग्न, मुलं, बचत गटाची कामं... पट कुठं गेला, कळलंच नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली. आईला मिठी मारून रडणारी ती १९ वर्षांची पोर टीव्हीवर पाहिली आणि माझेही डोळे भरून आले. लेकीला म्हटलं, "मला मोबाईलवर बुद्धिबळ घालून दे."

मी दहा मिनिटांचा डाव निवडला. दोघांना प्रत्येकी दहा मिनिटं. तेवढ्यात आपल्या सगळ्या खेळी व्हायला हव्यात. वेळ संपली, की पटावर तुमची बाजू वरचढ असली तरी डाव हातचा जातो.

पहिला महिना नुसती हार! माझा खेळ अगदी माझ्या घरकामासारखा होता. तिसऱ्या-चौथ्या खेळीलाच वजीर बाहेर काढायचा आणि सगळी कामं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. घोडे, उंट आपले घरात बसून! समोरचा एकेक सोंगटी काढून वजिरामागे लावायचा आणि माझी निम्मी वेळ पळण्यातच जायची. लेक फोनवर म्हणाली, "आई, वजिराला एकट्याला राबवू नकोस गं. आधी घोडे, उंट काढ, किल्लेकोट करून राजा सुरक्षित कर." ऐकलं आणि मनाशीच हसले. हे मला घरातही कुणी आधी सांगायला हवं होतं!

दुसरा धडा मिळाला आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात. तिथल्या विडी कामगार बायका गटाच्या बैठकीलाही मांडीवर सूप घेऊन बसतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोलणं चालू, हात चालू. एकीला विचारलं, "एवढी घाई कशी जमते हो?" ती म्हणाली, "घाई कुठं ताई? हाताला ठाऊक हाय."

तेच मी पटावर करून पाहिलं. पांढऱ्या सोंगट्या आल्या की सुरुवात ठरलेली. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, उंट, किल्लेकोट. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. वाचलेली वेळ अवघड जागी वापरायची. प्रत्येक खेळीआधी एकच प्रश्न विचारायचा, "समोरच्याच्या या खेळीनं माझं काय धोक्यात आलं?" आणि हरलेला डाव पुन्हा उघडून, नेमकं कुठं चुकलं ते बघायचं. सहा महिन्यांत माझं रेटिंग ४५० वरून ८७० वर गेलं. मोठ्या खेळाडूंच्या मानानं काहीच नाही. शेवटच्या मिनिटात हात अजूनही थरथरतो.

पण वेळेचा फास मोठमोठ्यांनाही बसतो. दिव्याची अंतिम लढत होती कोनेरू हंपीशी. वयानं दुप्पट आणि २०१९ व २०२४ मध्ये जलद बुद्धिबळाची जगज्जेती! आधीचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव. प्रत्येकीला १५ मिनिटं, शिवाय दर खेळीला १० सेकंद जादा. त्यातलाही पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. घड्याळ संपत आलं, हंपीकडून चूक झाली आणि दिव्यानं ती साधली. त्या विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. हा किताब मिळवणारी ती भारतातली फक्त चौथी महिला.

आपलं घड्याळ मात्र वेगळंच! दुधाची पिशवी, कुकरची शिट्टी, पाण्याचा दिवस, "अगं, माझा चष्मा कुठाय?" हिशेब केला तेव्हा कळलं, माझे कितीतरी डाव कुणाच्या तरी हाकेनं गेले होते. समोरच्यानं हरवलेच नव्हते! मग एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "दुपारी तीनला दहा मिनिटं मला हाक मारायची नाही." हे गप्प. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं." मला वाईट वाटलं. पण मी वेळ सोडली नाही.

हे खेळायला पैसे लागत नाहीत. पैसे लावायचे खेळ निराळे, त्यांच्या नादी लागू नका. अनोळखी माणसाचे संदेशही बंद ठेवता येतात. लागतात ती दहा मिनिटं, आणि ती मागायचं धाडस.

परवा काकू पुन्हा आल्या. मी मान वर करायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "बस जरा माझ्याजवळ. तिचा डाव चाललाय."

तो डाव मी हरले. पण पूर्ण खेळून हरले!