संन्याशाचा गोतावळा

हैदराबादच्या आग्नेय भागात विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर दिलसुखनगर ही वस्ती आहे आणि तेलंगणाच्या जिल्ह्यांतून नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या परीक्षांची तयारी करण्यासाठी येणाऱ्या मुलामुलींना ती शिकवणीवर्ग, वसतिगृहे, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि इडली-डोशाच्या गाड्या यांची पेठ म्हणूनच ठाऊक आहे. येथे खोलीतल्या एका कॉटपासून प्रश्नसंचापर्यंत प्रत्येक गोष्टीचे दाम मोजावे लागतात आणि त्यात वावगे काही नाही, कारण शिकवणे हा इतर व्यवसायांसारखाच एक व्यवसाय आहे. मात्र तरुणांना हाताशी धरण्याची आणखी एक रीत याच शहराने पाहिली आहे, जिच्यात देणाऱ्याजवळ ना पैसा होता, ना स्वतःचे घर, ना मूलबाळ. दिलसुखनगरला मेट्रोत बसून अमीरपेठेत गाडी बदलली की लगेचचे स्थानक बेगमपेठ येते; ज्यांनी ही रीत आयुष्यभर पाळली त्या स्वामी रामानंद तीर्थांची समाधी तेथे आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे, म्हणजे संन्यास घेण्यापूर्वीचे, नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या कन्नड मुलखातील गावी झाला, पुढील शिक्षण मराठीत झाले आणि उच्च शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात पार पडले. कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काढल्यानंतर प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत ते 1929 साली निजामाच्या राज्यातील, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, हिप्परगा या लहानशा गावी आले आणि तेथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी शिक्षणखात्यावर विसंबून न राहता लोकांच्या आधारावर चालणारी शाळा. निजामाच्या राज्यात अशी शाळा चालवणे हे राजकारण करण्यापेक्षा कमी धोक्याचे नव्हते, कारण उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, खासगी शाळांना आधी परवानगी घ्यावी लागे आणि ‘गश्ती निशान 53’ या परिपत्रकाने, गश्ती म्हणजेच परिपत्रक, साध्या सभेलाही पूर्वपरवानगीचा जाच लावलेला होता. सभा भरवता येत नसेल तेथे वर्ग भरवणे एवढीच वाट उरते, आणि मराठवाड्यातील स्वातंत्र्यलढ्याची पहिली फळी बव्हंशी शाळांच्या वर्गांतून तयार झाली ती यामुळेच.

याच काळात त्यांनी संन्यास घेतला. संन्यासी घर, जात, जुने नाव आणि वारसा या सर्वांवर पाणी सोडतो, आणि ‘तीर्थ’ हे शंकराचार्यांच्या परंपरेतील दहा संन्यासी पंथांपैकी एकाचे उपनाम आहे. ज्याने गोत्रच सोडले, त्याच्याभोवती पुढे मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक या तिन्ही मुलखांत पसरलेला गोतावळा जमावा, हा विरोधाभास वाटतो खरा, पण स्वतःच्या पोरांची सोय लावण्याची चिंता नसलेल्या माणसावर इतरांची पोरे निर्धास्तपणे विश्वास टाकतात, हेही तितकेच खरे. हिप्परग्याहून ते 1935 साली अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी तेथेही त्यांच्याबरोबर होते.

स्वामीजींच्या आधी हैदराबादेत तरुणांना हाताशी धरण्याची भूमिका एका गृहस्थाने निभावली होती. परभणीकडील पुरजळचे केशवराव कोरटकर (1867–1932) हे वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि आर्य समाजाचे पुढारी; हैदराबादची विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय या 1907 मध्ये सुरू झालेल्या दोन्ही शाळांच्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि नारायणगुड्यातील केशव मेमोरियल या शिक्षणसंस्थेला 1940 साली त्यांचेच नाव देण्यात आले. तथापि मराठी संस्थांच्या या इतिहासात एक बोचरी घटनाही आहे. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या आवारात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली असता आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागले आणि श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या अपमानातून आंध्र जनसंघमचा जन्म झाला, ज्यातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली. मराठी पुढाऱ्यांचे औदार्य आपल्या भाषेच्या उंबऱ्यापाशी अडत होते, असेच यावरून म्हणावे लागते.

तो उंबरा ओलांडला गेला तो 1938 नंतर. त्या वर्षी स्थापन होत असलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले, आणि त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाल्यामुळे शेकडो विद्यार्थी शिक्षणाबाहेर फेकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. या विद्यार्थ्यांत वरंगळ भागातील, 1921 साली जन्मलेला, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा एक तेलुगू मुलगा होता, जो पुढे नागपूर आणि पुणे येथे शिकला, मराठीत पारंगत झाला आणि ज्याने हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. स्वामीजींना त्याने गुरू मानले ते अखेरपर्यंत.

औदार्य म्हटले की शिष्यवृत्ती, शिधा, फी माफी असे काही डोळ्यांपुढे येते. स्वामीजींनी दिली ती जबाबदारी, आणि तीसुद्धा ती पेलेल की नाही याची खात्री पटण्याआधीच. 15 ऑगस्ट 1947 रोजी हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना अटक झाली. तोवर ठरल्याप्रमाणे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे हैदराबाद भारतात विलीन करण्याच्या लढ्याची सूत्रे गेली होती आणि सरहद्दीबाहेर उमरखेडपासून चांद्यापर्यंत छावण्या उभ्या राहत होत्या. चांद्याच्या छावणीत नरसिंह राव होते. या छावण्यांतील तरुण निजामाच्या चौक्यांवर आणि रझाकारांवर, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांवर, हत्यारांनिशी चालून जात. गांधींना मानणाऱ्या संन्याशाने हे कसे सोसले, हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर अहिंसेच्या तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा या माणसाच्या स्वभावात शोधणे अधिक योग्य ठरेल: एकदा विश्वास टाकलेल्या पोरांना अवघड वेळी वाऱ्यावर सोडणे त्यांना जमणारे नव्हते. सप्टेंबर 1948 मध्ये भारत सरकारच्या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे प्रत्यक्षात लष्करी कारवाईनंतर, स्वामीजी सुटले.

त्यांच्या मंडळींत गोविंदभाई श्रॉफ हे सर्वांत निराळे. घरची भाषा गुजराती, कलकत्त्यातील शिक्षण, औरंगाबादेतील शिक्षकी आणि विचाराने मार्क्सवादाकडे झुकलेले गोविंदभाई हे स्वामीजींचे निकटचे सहकारी राहिले, जरी भगव्या वस्त्राशी त्यांच्या विचारांचा मेळ बसण्यासारखा नव्हता. स्वातंत्र्यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या, गोविंदभाई काँग्रेसमधून बाहेर पडले आणि शिक्षणसंस्था व मराठवाड्याच्या विकासाच्या प्रश्नांत रमले. स्टेट काँग्रेसमधील गटबाजी मात्र स्वामीजींच्या चरित्रातील दुखरी बाजू आहे. त्यांचा गट आणि बुर्गुल रामकृष्ण रावांचा गट यांच्यातील ओढाताण बराच काळ चालली, आणि वडीलकीच्या नात्याने ती मिटवणे त्यांना साधले नाही. 1952 आणि 1957 मध्ये ते लोकसभेवर निवडून आले, तरी मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत, आणि हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे या बाजूने ते उभे राहिले, म्हणजे ज्या राज्यात त्यांचा अधिकार सर्वाधिक चालला असता तेच मोडून टाकण्याच्या बाजूने.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा उल्लेख यासंदर्भात करावाच लागेल, कारण 1950 साली ज्या संस्थेने ते काढले तिच्या मुळाशी स्वामीजी होते आणि पुढे नरहर कुरुंदकर यांच्यासारखा शिक्षक त्याच महाविद्यालयाला लाभला. कुरुंदकर स्वतः हैदराबादेत शिकत असताना इंटरला नापास झाले होते, आणि आज दिलसुखनगरच्या निकालपत्रकांच्या हिशेबात ते कोठे बसले असते याचा विचार वाचकाने करावा.

स्वामीजींचे निधन 22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत झाले. नांदेडच्या विद्यापीठाला 1994 साली त्यांचे नाव मिळाले, तर बेगमपेठेतील स्मारक समितीचा भार नरसिंह रावांनी, पंतप्रधानपद येण्यापूर्वीही आणि ते गेल्यानंतरही, वाहिला. दिल्लीहून परतलेल्या या शिष्याची पुस्तके, संगणक आणि वापरातील वस्तू आज त्याच आवारात, गुरूच्या समाधीजवळ, जतन केलेल्या आहेत.